तिसऱ्या मजल्यावरचा बोगदा

तिसऱ्या मजल्यावरून बोगदा खणता येत नाही, एवढी अक्कल मला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत अजूनही अशी माणसं आहेत, जी मी जिन्यात दिसलो की आधी माझ्या चपलांकडे बघतात. माती लागली आहे का म्हणून.

सगळा घोळ आमच्या कार्यालयाच्या भाषांतर शाखेनं घातला. या शाखेत दोन गृहस्थ आणि एक बाई आहेत आणि तिघांच्याही डोळ्यांत परका शब्द खुपतो. सापडला परका शब्द की त्याला धरायचं, आंघोळ घालायची, आपले कपडे चढवायचे आणि आमच्याकडे पाठवून द्यायचं. मग तो आम्हाला ओळखू येत नाही, हा दोष आमचा. मागे त्यांनी 'मूषकास दोनदा टिचकी मारावी' असं परिपत्रक काढलं होतं, तेव्हा आमच्या शाखेतल्या एका बाईंनी दिवसभर पाय खुर्चीवर घेऊन काम केलं.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार शाखेत आहे. लोक आम्हाला पाणी आलं नाही म्हणून लिहितात आणि मी त्यांना 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' असं लिहितो. पाणी आणणं ही दुसऱ्या शाखेची जबाबदारी आहे, तिच्याबद्दल मला काही विचारू नका. तर ही आमची शाखा उचलून मुख्यालयात न्यायचं ठरलं. मुख्यालय म्हणजे पार दुसरं शहर, आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागते. तिथं खोली घेऊन एकट्यानं राहायचं, कारण हिचा शिवणाचा क्लास इथं आणि अर्ध्या इमारतीचे कपडे हिच्या टेबलावर. मात्र परिपत्रकात एक सवलत होती. ज्या कर्मचाऱ्याच्या घरचा संगणक सोमवारी सकाळी अकराच्या आत कार्यालयाच्या जाळ्याला सुरक्षितपणे जोडला जाईल, त्यानं घरूनच काम करावं. बाकीच्यांनी सामान बांधावं.

मला जायचं नव्हतं. उगाच आडपडदा कशाला, मला हिच्याशिवाय राहता येत नाही. ही घरात नसली की मला टॉवेल सापडत नाही, झोप लागत नाही आणि बातम्या ऐकून कोणाला नावं ठेवावीत तेही कळत नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असलं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मी घरी जाहीर केलं, "तिकडचं पाणी मला मानवणार नाही."

ही मशीनवर कोणाची तरी पँट आखूड करत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. मला जरा निवांतपणा मिळेल."

हे मला लागलं.  परिपत्रक घेतलं आणि झोपायच्या खोलीत जाऊन वाचायला बसलो.

परिपत्रकात असं होतं: 'कर्मचाऱ्याने आपल्या निवासस्थानापासून कार्यालयापर्यंत सुरक्षित बोगदा तयार करावा. बोगद्याचे एक तोंड निवासस्थानी व दुसरे कार्यालयात उघडेल. मध्ये अग्निभिंत असल्याने सुरक्षा कक्षाकडून भोक पाडून घ्यावे. संगणक कोणत्याही प्रकारचा चालेल.' आता हा बोगदा म्हणजे खराखुरा बोगदा नव्हे, हे मला दुसऱ्या वाचनात कळलं. आपलं काम तारेतून ऑफिसला जाताना वाटेत कोणी वाचू नये, म्हणून ते झाकून न्यायची ती एक युक्ती. अग्निभिंत म्हणजे परक्या संगणकांना अडवणारा पहारा. इमारतीतल्या लोकांनी मात्र परिपत्रक वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त माझं फोनवरचं बोलणं ऐकलं.

आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. ती येते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात, खिडकीच्या गजाला कान लावून उभं राहिलं तर. समोरच आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या दंतवैद्यांचं दार. आणि रेंज अशी, की ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही. तर मी गजाला कान लावून सुरक्षा कक्षाला फोन लावला. तिथं एक सर्दी झालेला माणूस होता. त्याचं प्रत्येक वाक्य 'नियमानुसार'पासून सुरू व्हायचं, मग पुढे काही असो वा नसो.

"साहेब, बोगदा आजच सुरू करतो!" मी ओरडलो. "इकडचं तोंड? झोपायच्या खोलीत! हो, पलंगाच्या शेजारीच! ... मध्ये भिंत येते ती तेवढी तुम्ही फोडून द्या! ... नाही नाही, शेजाऱ्यांना पत्तासुद्धा लागणार नाही!"

मग त्यानं मला एक तात्पुरता परवलीचा शब्द सांगितला आणि नियमानुसार तो अत्यंत गुप्त ठेवायला सांगून मोठ्यानं परत म्हणायला लावला. मी एकेक अक्षर ओरडून म्हटलं.

"मधली आडवी रेघ विसरलात," दंतवैद्यांच्या दारामागून आवाज आला.

मी आभार मानले. माणसानं सभ्यता सोडू नये.

माझा स्वतःचा संगणक जुना आहे, मान्य. त्याचं खोकं टेबलाखाली असतं आणि हिवाळ्यात मी त्याच्यावर पाय ठेवून बसतो, इतकं ते तापतं. पण सुरू झाल्यावर मात्र तो कधी बंद पडत नाही. कधीकधी बंद करूनही पडत नाही. त्याच्यात ऑफिसचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, घातला, परवलीचा शब्द आडव्या रेघेसकट दिला आणि पडद्यावर अक्षरं आली: 'हस्तांदोलन अयशस्वी.'

पुन्हा जिन्यात गेलो.

"नियमानुसार," सुरक्षा कक्ष शिंकून म्हणाला, "तुमचं यंत्र फार म्हातारं आहे. आमचं यंत्र त्याच्याशी हात मिळवायला तयार नाही."

"का पण?"

"त्याला काहीतरी झालेलं असू शकतं."

घरच्या माणसाबद्दल कोणी असं बोललं असतं तर मी त्याची खबर घेतली असती. मी फोन ठेवून वळलो, तर जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी उभे. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या हातात कायम एक मोजपट्टी असते. कुणाची कुंडी पायरीवर बोटभर पुढे आली तरी त्यांना जेवण जात नाही.

"बोगदा काढताय म्हणे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण दिवसभर तोच शब्द तोंडात घोळवून घोळवून तो मला अगदी घरचा वाटायला लागला होता.

"कुठपर्यंत?"

"ऑफिसपर्यंत."

"सोसायटीची परवानगी?"

"परवानगी कशाला? माझ्या घरातून तर जातोय."

"तुमच्या घरातून निघतोय," सेक्रेटरी मोजपट्टी नाचवत म्हणाले. "जाणार डॉक्टरांच्या खोलीतून. मग माझ्या बाथरूममधून. मी आंघोळीला बसलेला असताना तुम्ही डबा घेऊन ऑफिसला निघालेले, असं चालायचं नाही!"

"अहो, तो दिसत नाही!"

"लपवून खणताय, हेच तर आमचं म्हणणं आहे!"

मी त्यांना सगळं समजावलं. बोगदा आभासी आहे, भिंत आभासी आहे, भोकसुद्धा आभासीच आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माती कुठे टाकताय?"

मी घरी जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. हिनं नुसतं "ह्यांचं जरा बघ रे" म्हटलं होतं, तर हा काखेत स्वतःचा संगणक मारून आला. मेहुण्यानं मध्यंतरी आपल्या संगणकातलं विकतचं सगळं पुसून टाकून कुठलीशी फुकट प्रणाली घातली आहे. तेव्हापासून त्याच्या चेहऱ्यावर दीक्षा घेतल्यासारखं तेज असतं.

"भाऊजी, हे कोणाच्या बापाच्या मालकीचं नाही," तो म्हणाला. "यात सगळं आपलं आपण लिहायचं."

"मला काही लिहायचं नाही, मला जोडायचं आहे."

"जोडायचं कसं तेच लिहायचं."

आणि तो लिहायला बसला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा वर चालली होती, मेहुणा "अच्छा, असं आहे काय" म्हणत होता आणि मी त्याला चहामागून चहा देत होतो. दुपार झाली. शेवटी पडद्यावर एकच ओळ राहिली आणि मेहुण्याचा चेहरा पडला.

"काय म्हणतंय?"

"त्यांचा कार्यक्रम माझ्या प्रणालीसाठी बनवलेलाच नाही म्हणतंय."

"हे सकाळी म्हणत नव्हतं?"

"सकाळीही तेच म्हणत होतं," मेहुणा म्हणाला. "मला वाटलं, चर्चेनं सुटेल."

एवढ्यात बेल वाजली. दारात टोपी घातलेला, दमलेला एक माणूस. सेक्रेटरींनी 'तिसऱ्या मजल्यावरून होणाऱ्या बेकायदा खोदकामामुळे पाण्याची मुख्य वाहिनी फुटण्याचा धोका' अशी तक्रार केली होती आणि ती पाहायला ओव्हरसियर आले होते. तक्रारीवर सरकारी माणूस दुसऱ्याच दिवशी येतो, हे मी इतकी वर्षं तक्रार शाखेत राहून पहिल्यांदाच पाहिलं. वाईट याचं वाटलं, की ते आमच्याच कार्यालयाचे होते.

ओव्हरसियरांनी जमिनीवर टाचा आपटल्या, भिंतीला कान लावला. "बोगदा कुठाय?"

"अजून झाला नाही. पहिला खणायला घेतला तो या खोक्यातून. त्याचं हस्तांदोलन झालं नाही. दुसरा यातून," मी मेहुण्याच्या संगणकाकडे बोट दाखवलं, "तोही अडला."

ओव्हरसियरांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग रिकाम्या चहाच्या कपांच्या रांगेकडे पाहिलं. "मजूर हाच का?"

"मी मेहुणा आहे," मेहुणा म्हणाला.

बराच वेळ विचार करून त्यांनी निर्णय दिला. तिसऱ्या मजल्याखाली दुसरा मजला लागतो, जमीन लागत नाही, म्हणून हे प्रकरण पाणीपुरवठ्याच्या अखत्यारीत येत नाही. तरीही संशय असल्यामुळे चौकशी होईपर्यंत काम थांबवावं. आणि ते खाली जाऊन सेक्रेटरींना तसं सांगूनही आले.

रविवारी मी कपाटावरची बॅग काढली. कोणी सांगितलं नव्हतं, पण सोमवार डोक्यावर आला होता आणि दोन संगणक हरले होते. मी एकेक शर्ट घडी करून ठेवत होतो आणि ही मशीनवर बसून बघत होती. मशीन चालत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी मुद्दाम मोठ्यानं उसासा टाकला.

"तिसरा का नाही करून बघत?" ही म्हणाली.

"तिसरा कुठला?"

"माझा."

हिचा लॅपटॉप! त्याच्यावर ही शिवणाचे नमुने काढते, क्लासच्या बायकांच्या हजऱ्या लावते आणि मला हात लावू देत नाही. मागे एकदा मी त्याच्यावर क्रिकेटचा स्कोअर बघितला आणि कुणाच्या तरी कोटाचा नमुना पुसला गेला, तेव्हापासून त्याला हिचा स्वतःचा परवलीचा शब्द आहे.

"तुझ्या लॅपटॉपमधून माझं ऑफिस?" मी म्हणालो.

"जागा आहे त्यात," ही म्हणाली. "आणि ती बॅग आधी वर ठेवा. शर्ट चुरगळताहेत."

सोमवारी सकाळी लॅपटॉप मधे ठेवून आम्ही तिघं बसलो. मेहुण्याला बोट लावायला बंदी होती. कार्यक्रम बसला, हस्तांदोलन झालं, अगदी पहिल्या झटक्यात! पडद्यावर एक हिरवी रेघ सरकायला लागली. अर्ध्यावर आली, पाऊण झाली आणि थांबली. जाळंच गेलं. मी खिडकीतून खाली बघितलं. सेक्रेटरी गच्चीवरून उतरणाऱ्या आमच्या इंटरनेटच्या तारेचं टोक हातात धरून उभे होते आणि दंतवैद्य त्यांच्याकडून पक्कड परत घेत होते.

"खोदकामाची वीज तोडली!" सेक्रेटरी खालून ओरडले. "कायदेशीर स्थगिती आहे!"

साडेदहा होऊन गेले होते.  मी खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. डोळ्यांसमोर ती मुख्यालयातली खोली आली. एक पलंग, एक खिळा, खिळ्याला माझा टॉवेल. टॉवेल सापडेल, पण त्याचा काय उपयोग?

"अहो," ही म्हणाली, "रडताय काय?"

"मला नाही जायचं गं," मी म्हणालो. मेहुण्यासमोर म्हणालो. "पाण्याबिण्याचं काही नाही. तुझ्याशिवाय मला नाही जमायचं."

 ही उठली आणि टेबलावरून एक निळा कोट उचलून खिडकीत गेली. सेक्रेटरींचा संध्याकाळी सत्कार होता. सोसायटीची इतकी वर्षं मनोभावे सेवा केल्याबद्दल. तो त्यांनीच ठरवला होता. त्या सत्काराचा तो कोट. एक बाही लागलेली, दुसरी हिच्या हातात.

"सेक्रेटरी!" हिनं हाक मारली. मशीनवर मुंडी खाली घालून बसणाऱ्या बाईचा आवाज एवढा मोठा असेल, असं इमारतीला माहीत नव्हतं. "ही तार आत्ता जोडली गेली नाही, तर ही बाही पण जोडली जायची नाही. एका हातानं हार घ्या!"

 सेक्रेटरींनी कोटाकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, मनातल्या मनात माप घेतलं असावं.

"वहिनी, हा दबाव आहे," ते म्हणाले.

"हो," ही म्हणाली. "आणि डॉक्टर, तुमच्या दवाखान्याचे पडदे पण इथंच आहेत."

पक्कड तत्काळ बाहेर आली. पाच मिनिटांत तार जोडली गेली. दंतवैद्यांनी अगदी मूळ दातासारखी बसवली. हिरवी रेघ पुढे सरकली आणि पूर्ण झाली. मी नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. भाषांतर शाखेचीच करामत:

'सदर यंत्राच्या मालकाने ठरवावे. या व्यक्तीवर विश्वास ठेवून तिला प्रवेश द्यायचा का?' आणि खाली तीन बटणं. 'नाही.' 'फक्त आजच्यापुरता.' 'कायम.'

मी धावत जिन्यात गेलो, गजाला कान लावला. "साहेब, दाबतो मी, कुठलं दाबू?"

"नियमानुसार," सुरक्षा कक्ष म्हणाला, "मालकानं स्वतः दाबायचं. कोणाच्याही दबावाखाली न येता. लाभार्थ्यानं त्या वेळी खोलीत थांबू नये."

मग काय, मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. अकराला थोडाच अवकाश होता. बाहेरून काही आवाज नाही. मशीन नाही, मेहुणा नाही, काही नाही. एवढं काय बघत असेल ही? तीन तर बटणं! माझ्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं: पुसलेला कोटाचा नमुना, ओला टॉवेल पलंगावर टाकण्याची सवय, हिच्या माहेरच्यांबद्दल वेळोवेळी काढलेले उद्गार. मेहुणा तर तिच्या शेजारीच बसला होता.

मग टक् असा आवाज झाला.

"या बाहेर," ही म्हणाली.

पडद्यावर लिहिलं होतं, 'प्रवेश: कायम.' ही केव्हाच मशीनकडे वळली होती आणि सुईत दोरा ओवत होती. तो ओवला जात नव्हता, कारण तिलाही नीट दिसत नव्हतं.  मी तिच्या हातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. मेहुणा उठून गॅलरीत गेला, तेवढी समज त्याला आहे.

बोगद्यातून माझ्यापर्यंत पोचलेलं पहिलं काम म्हणजे सेक्रेटरींची तक्रार. तिसऱ्या मजल्यावरचं बेकायदा खोदकाम. मी नियमानं उत्तर लिहिलं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.' संध्याकाळी सत्कारात त्यांनी दोन्ही हातांनी हार घेतला आणि भाषणात म्हणाले, की आपल्या इमारतीतला बोगदा हा परिसरातला पहिलाच आहे.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला, तर तीच चौकट आणि तीच तीन बटणं. मी जिन्यात गेलो.

"अहो, मागच्या वेळी 'कायम' दाबलं होतं!"

"नियमानुसार," सुरक्षा कक्ष म्हणाला, "कायम म्हणजे सोमवार ते रविवार."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी लवकर उठतो, दाढी करतो, टॉवेल दोरीवर वाळत घालतो, चहा करून ट्रेमधून आणतो आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. ही सावकाश चहा पिते, चौकट पूर्ण वाचते, जणू काही पहिल्यांदाच बघते आहे, आणि मग टक् असा आवाज येतो. कालच्या सोमवारी मात्र जरा घोटाळा झाला. बाहेर येऊन बघतो, तर 'फक्त आजच्यापुरता'!

"अगं, हे काय?"

"चहात साखर नव्हती," ही मान वर न करता म्हणाली.

आज मंगळवार. साखर घातली आहे, दोनदा चाखून पाहिली आहे आणि ट्रे धरून हिच्या मागे उभा आहे.